माड सुटेपर्यंत

माझं लग्न झालं तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि आमच्या अंगणातले माड आमचे नव्हते. पोर्तुगिजांचं मला फारसं काही पडलेलं नव्हतं. माडांचं मात्र पहिल्या दिवसापासून मनाला लागलं.

घर आमचं, विहीर आमची, खळं आमचं, आणि घराभोवतीचे सगळे माड गहाण. मोठ्या नणंदेच्या लग्नासाठी सासऱ्यांनी ते खाडीपलीकडच्या एका शेटजींकडे ठेवले होते, आणि मग सासरे वारले. करार असा होता की व्याजापोटी नारळ शेटजींनी न्यायचे आणि मुद्दल आम्ही दरवर्षी थोडं थोडं फेडायचं. प्रत्येक माडाच्या बुंध्याला कमरेएवढ्या उंचीवर चुन्याचा पांढरा पट्टा होता. शेटजींचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा गडी, पट्टा बघून चढे आणि आमच्या डोळ्यांदेखत नारळ गाडीत भरून नेई. वाऱ्याने आपोआप पडलेला नारळ तेवढा घरवाल्यांचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे आमच्या घराचं वाऱ्याकडे फार लक्ष असे. दुपारी जरा डुलकी लागावी आणि कुठेतरी धप्प आवाज व्हावा, की सासूबाई डोळे न उघडता म्हणत, "बघ गो, खंयचो पडलो."

मी अर्धवट झोपेत उठे आणि अंगणभर फिरे. वर झावळ्यांची सळसळ, पायाखाली गरम वाळू, सगळीकडे हलत्या सावल्या. नारळ सापडला तरी मी लगेच घरात जात नसे. एकेका माडाला हात लावून बघे. हा आपला होईल तेव्हा कसा वाटेल, असं मनात म्हणे. त्या दुपारी मला आता स्वप्नातल्यासारख्याच आठवतात, कारण निम्म्या मी झोपेतच काढल्या.

आमचे हे गलबतावर खलाशी होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की गलबतं सुटत, मलबारपर्यंत जात, कौलं आणि लाकूड वाहत, आणि पावसाच्या तोंडावर घरी येत. ह्यांना समुद्राची हौस नव्हती. बापाच्या मागे दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून जात. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, ओटीवर बसून दोरी वळताना, ते मला म्हणाले, "माड सुटले काय मी गलबतार पाय ठेवचंय नाय."

तेवढं एक वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं. माड सुटले की नवरा घरी. पण ठरल्या हप्त्याने माड सुटायला इतकी वर्षं लागणार होती की तोवर आम्हाला ओटीवर चढायला कुणाचा तरी हात धरावा लागला असता. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की हप्त्यापेक्षा जास्त भरायचं. ह्यांना खेपेला आपलं म्हणून थोडं सामान नेता-आणता येई, त्यातून काही सुटलं असतं. मी पडलेल्या नारळांचं तेल काढणार होते, सुंभ वळणार होते, पडलेल्या झावळ्यांचे हीर काढून झाडू बांधणार होते. सगळं काही मोफत पडतच होतं, फक्त वेचायचं होतं.

होडीने खाडी ओलांडून आम्ही शेटजींकडे गेलो. लवकर पैसे फेडायला येणारं गिऱ्हाईक त्यांना बहुधा नवीन असावं. ते आमच्याकडे जरा संशयानेच बघत होते.

"हप्तो वेळेर येता, नारळ येतत. मगे घाई कित्याक?" ते म्हणाले.

हे फार बोलणारे नव्हते. पण त्या दिवशी बोलले. "जास्त दिलंय तर तेवढे माड सोडा. एकेक करून."

शेटजी माझ्याकडे बघून हसले. नव्या नवरीची चार दिवसांची हौस आहे, असं त्यांना वाटलं असणार. "बरा," ते म्हणाले. "खंयचो सोडूचो ता तुमी सांगा."

परतताना होडीत आम्ही दोघंही मनातल्या मनात माड निवडत होतो. विहिरीवरचा, गोठ्याजवळचा, पाणंदीच्या तोंडावरचा. आणि एक वाकडा. हा समुद्राच्या बाजूला, वाळूत, इतका कललेला की लहान पोरं धावत जाऊन त्याच्यावर अर्ध्यापर्यंत चढत.

त्या वाकड्या माडाची एक गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतर हे पहिल्यांदा गलबतावर निघाले तेव्हा मी खूप रडले होते. मला सासरी येऊन जेमतेम एक पावसाळा झाला होता. तेव्हा हे म्हणाले, "रडा नको. बाहेरसून येताना आमका पयलो तो वाकडो माड दिसता. तो दिसलो काय माका तू दिसल्यासारख्या वाटता." झालं. त्यानंतर रोज संध्याकाळी कामं आटपली की मी त्या माडाला पाठ टेकून उभी राहू लागले. समुद्र रिकामा असला तरी उभी राहायची. केस नीट करायची, पदर सारखा करायची. कुणी विचारलं तर वारा खायला आले म्हणून सांगायची.

माघात दुसऱ्या एका गलबताचा तांडेल ह्यांचे पैसे घेऊन आला. जास्तीचे म्हणून पहिले पैसे. सोबत निरोप होता: विहिरीवरचा सोडव. ह्यांचा हिशोब बरोबर होता. विहिरीवरचा माड अंगणात सगळ्यात जास्त नारळ धरणारा. तो सुटला की त्याचे नारळ विकून दुसरा सुटणार, दुसऱ्यावर तिसरा.

पण त्याच आठवड्यात पाडेली आला आणि जाता जाता म्हणाला, "वाकडो आता काय धरणा नाय. शेट तो तोडतले. खोबऱ्याच्या मांगराक खांब व्हये आसत." मांगर म्हणजे माल ठेवायची खोपटी. नारळ न धरणाऱ्या माडाचं लाकूड शेटजींचं, हेही करारातच होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच होडीत बसले.

शेटजींनी पैसे घेतले आणि कुठला ते ऐकल्यावर हातातली सुपारी खाली ठेवली. "वाकडो? घोवाक इचारलंस?"

"करार दोघांसमोर झालो," मी म्हटलं. "खंयचो ता आमी सांगतलंव, असाच ठरला होता." मला राग आला की मी फार नीट बोलते.

घरी येऊन मी नारळाच्या सोडणाने त्या माडाचा चुना घासून काढला. निघेना, तशी वाळू घेतली. सासूबाई विहिरीवर उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण पलीकडच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पैशे देवन वांझो माड सोडवल्यान. आता तेका पाळण्यात घालून हालवूदे." सगळ्या वाडीत तो माड माझं पोर म्हणूनच ओळखला जाऊ लागला. मी संध्याकाळी जाऊन त्यालाच पाठ टेकली. आता तो आपला आहे आणि उद्या समुद्रावरून दिसणार आहे, ह्या सुखात मी सगळा फाल्गुन आणि चैत्र तरंगत काढला.

हे वैशाखात आले. अंगणात शिरताच त्यांची नजर विहिरीकडे गेली. तिथे पट्टा तसाच होता. मग ते फिरत फिरत वाळूत गेले. मी मागोमाग गेले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. माड तुटणार होता, तुम्हाला तो दिसतो, म्हणून.

ह्यांनी चुना निघालेल्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दिसणा नाय गो."

"काय?"

"बाहेरसून सगळे माड एकच दिसतत. हिरवी किनार शिवल्यासारखी. तू रडत होतंस, म्हणान मी तसा बोललंय."

मी तिथून तडक घरात आले. माझा राग ओल्या लाकडासारखा, जाळ कमी आणि धूर फार. कित्येक दिवस मी ह्यांना जेवण वाढलं आणि एक शब्द वाढला नाही. फसवलं म्हणून राग होताच, पण खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा होता. विहिरीवरचा माड सोडवला असता तर ह्यांचं घरी येणं जवळ आलं असतं. मी मात्र एका खोट्यापायी तो एक हंगाम लांब ढकलला होता, आणि तो हंगाम मलाच एकटीने काढायचा होता. ते आठवलं की अन्न गोड लागेना.

एके दिवशी दुपारी पाऊस जरा थांबला तेव्हा हे मला बोलवायला आले. वाकड्या माडावर, जिथे पोरं चढून बसत, तिथे ते पाय सोडून बसले. मला शेजारी जागा केली. खाली वाळू धुऊन निघाली होती, समुद्र करडा होता आणि झावळ्यांतून थेंब पडत होते.

"माज्या एका बोलण्यार तू सगळे पैशे घातलंस," ते म्हणाले. "इतक्या माज्यार कोणी कधी इश्वास ठेवल्यान नाय."

मला हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि ह्यांनी मला ह्या वेळी काहीही खोटं सांगितलं नाही. नुसते बसून राहिले.

त्यानंतर मात्र आम्ही ह्यांच्या हिशोबाने चाललो. विहिरीवरचा सुटला. त्याच्या जोरावर गोठ्याजवळचा सुटला. गोवा सुटला तेव्हा आमच्या पाणंदीतले दोन माड सुटले होते, आणि सासूबाई वाडीत दोन्ही बातम्या एकाच दमात सांगत. त्याही हळूहळू आमच्यात आल्या. ज्या बाईने मला पाळणा हलवायला सांगितलं, तीच आता पहाटे वाऱ्याची चाहूल लागली की माझ्या आधी अंगणात असे. आम्ही नवं लुगडं घेतलं नाही, घरावर कौलं चढवली नाहीत. ह्यांनी गावोगावची घरं कौलांनी शाकारली आणि आमचं घर विणलेल्या झावळ्यांच्या झापांचंच राहिलं. मला त्याचं दुःख झालं नाही. झापांतून उन्हाचे कवडसे पडत आणि मी ते बघत बघत झोपी जाई.

मग ट्रक आले. कौलं रस्त्याने जाऊ लागली, गलबतांना माल मिळेना. एक हंगाम असा आला की हे अर्ध्याहून जास्त दिवस दुसऱ्याच बंदरात मालाची वाट बघत बसून होते. मालक म्हणाला, अजून एखादं वर्ष बघू. माड सुटण्याआधी गलबत बंद पडलं असतं तर उरलेले माड तसेच राहिले असते, आणि इतर खलाशांसारखं ह्यांनाही मुंबईची वाट धरावी लागली असती. राहिलेलं देणं फेडायला मी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. ह्यांनी नको म्हटलं. मी ऐकलं नाही.

शेवटचे पट्टे आम्ही तिघांनी मिळून घासले. सासूबाई बसल्या बसल्या, आम्ही वाकून.

त्या नारळी पौर्णिमेला ह्यांनी समुद्राला नारळ दिला आणि मागे वळून घरी आले. उरलीसुरली गलबतं गेली. भाद्रपद गेला, आश्विन आला, आणि पुरुषाची चप्पल तशीच दारात होती. मला सवयीने अजून संध्याकाळी समुद्राकडे जावंसं वाटे, आणि वाटेत आठवे की हे तर गोठ्यात आहेत.

लग्नानंतरची आमची ती पहिली दिवाळी एकत्र. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी कारिटाचं कडू फळ फोडायच्या आधी मी ह्यांना पाटावर बसवलं आणि डोक्याला तेल लावायला घेतलं. समईच्या उजेडात केस बाजूला केले, आणि माझा हात थांबला. ह्यांचं डोकं मी कधी असं जवळून बघितलंच नव्हतं. कानांच्या वर, मागे मानेपर्यंत, सगळे पांढरे. ते तिशीच्या आसपासचे, मी त्याहून लहान. आम्ही माडांचे नारळ आणि शेटजींचे हप्ते इतकी वर्षं बघत होतो, हे मात्र बघायचं राहून गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी तेलाची वाटी परत परत त्यांच्या डोक्यावर रिती करत राहिले.

"अगो, तेल सांडता," सासूबाई चुलीपासून ओरडल्या.

"घालूदे," हे म्हणाले. डोळे मिटलेले, कपाळावरून तेल ओघळतंय. "आपल्याच माडाचा आसा."