बाबीकाकांच्या मशीनचं लॉगिन

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मला भीती वाटत नाही, राग येतो. देवगडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि "मशीनला नजर लागली" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी आजवर बिनदिक्कत झापलंय... तरी हे लिहितेय.

कुणकेश्वरला किनाऱ्यालगत बाबीकाकांचं घर. पारंपरिक मासेमारीचा माणूस. जाळी चोरीला जायला लागली म्हणून त्यांनी होडीच्या शेडवर कॅमेरा बसवला, रेकॉर्डिंग घरातल्या जुन्या मशीनवर. त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली सिस्टिम मीच टाकून दिली होती. मार्चमध्ये एका सकाळी शेडपाशी कोणीतरी त्यांना इतकं मारलं की कवटी फुटली. गोव्याच्या हॉस्पिटलात ते बेशुद्ध. मारणारा कोण हे फक्त त्या मशीनमध्ये होतं — आणि त्याच दिवसापासून मशीन उघडत नव्हतं. त्यांच्या बायकोनं, शुभाकाकींनी, मला बोलावलं.

सकाळचे अकरा, रणरणतं ऊन. घरात काकी, त्यांचा धाकटा दीर नंदू आणि मी, तिघंच. पासवर्ड घरात सगळ्यांनाच पाठ होता. टाकला — स्क्रीन काळी, आणि पुन्हा लॉगिनचा चौकोन. परत टाकला, तेच. पासवर्ड चुकला तर मशीन तसं सांगतं. हे आत घेऊन बाहेर ढकलत होतं. ह्याची कारणं ठरलेली असतात. डिस्क भरली, एखाद्या फाइलची मालकी बदलली, नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडला. नुसत्या कमांड टाकून मी मागच्या दारानं आत शिरले, एकेक तपासलं. सगळं ठणठणीत! रेकॉर्डिंगचं फोल्डर मात्र कुलूपबंद, डेस्कटॉप उघडल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, एक गोष्ट दिसली — काकी हॉस्पिटलात काकांपाशी होत्या त्या दोन दिवसांत कोणीतरी वीसेक वेळा बरोबर पासवर्ड टाकला होता, आणि दर वेळी बाहेर फेकला गेला होता.

"मीच टाकून बघलंय गो," नंदू म्हणाला. "पोलिसांक दाखवूक व्हया ना?"

काकी वैतागल्या. "नंदू, राखणदाराक नारळ ठेव आणि गाराणा घाल. घरचो पुरुष आता तूच."

आमच्याकडे संकट आलं की जागेची राखण करणाऱ्या अदृश्य राखणदाराला गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्यानं साकडं, घालतात, आणि ते घरच्या पुरुषानंच घालायचं. नंदूला नाही म्हणता येईना. तो नारळ घेऊन परसात गेला. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला आणि पासवर्ड टाकला.

उघडलं. झटक्यात!

नंदू परत येऊन दारात उभा राहिला, आणि स्क्रीन काळी. पुन्हा लॉगिनचा चौकोन.

आमच्या धंद्यात एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतात. कीबोर्ड बदलला, केबल बदलली. काही फरक नाही. शेवटी मी नंदूला म्हटलं, "गाराणा अर्ध्यावर सोडलंस वाटता, पुरा करून ये." तो गेला, आणि उघडलं.  त्या सकाळची क्लिप आधी पेनड्राइव्हवर टाकली, मग चालवली.

नंदू. हातात वल्हं. बाबीकाका पाठमोरे बसून जाळं सारखं करत होते. पहिला घाव डोक्यात. ते आडवे झाले तरी हा मारतच राहिला... तोंडावर, हातांवर, वल्हं मोडल्यावर लाथांनी.  नंदू दिव्यांच्या उजेडानं मासे ओढून पारंपरिक मासेमारांच्या पोटावर पाय देणाऱ्या बोटींवर जायला लागल्यापासून भावाभावांत वाजत होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण हे?

मधेच स्क्रीन काळी पडली. तेव्हा मला कळलं, तो माझ्या मागे उभा आहे.

त्याच्या हातात पहार होती. पहिल्या फटक्यात मॉनिटर फुटला. दुसरा माझ्या डाव्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसरा डोक्यातच बसायचा, पण काकींनी पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. काकी थांबल्या नाहीत. मारत होत्या आणि किंचाळत होत्या, "ह्याच हातान भरवलंय मेल्या तुका! ह्याच हातान!" शेजारी धावून आले म्हणून तो जिवंत राहिला.

नंदू आत आहे. हात जुळल्यावर मी तसंच मशीन जोडलं, तेच लिनक्स टाकलं, महिनोन्महिने डोकं फोडलं. तो दोष एकदाही परत उभा करता आला नाही. फोरमवर लॉग टाकले, भल्याभल्यांनी हात टेकले. खोलीत कोण आलं हे कळायला त्या मशीनला ना कॅमेरा होता, ना माइक... शेडवरचा कॅमेरा तर घराकडे पाठ करून होता. कोणाला कारण सुचलं तर जरूर सांगा. राखणदार म्हणालात तर पूर्वीसारखी भांडणार नाही, पण पटलंय असंही नाही.

बाबीकाका घरी आलेत. एक डोळा गेला, आणि त्या सकाळचं त्यांना काहीच आठवत नाही. सांगायची हिंमत अजून कोणाची झालेली नाही. परवा मी गेले तेव्हा ते जेवायला बसले होते. घास हातात धरून मधेच थांबले.

"नंदू खंय? जेवलो काय तो?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "जेवलो."