देवीला न कळणारे शब्द

अंतरवालीत चतुराबाईच्या तोंडी लागायला माणसं कचरत. ती शाप देई, तेही जात्यावर बसल्यासारखी, एका लयीत. समोरच्याचं छप्पर, म्हैस, हात, पाय, काही सुटत नसे. त्या जोरावर टँकरपाशी तिचा हंडा नेहमी पहिला लागे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात सून शिवकन्येला लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले. चतुराबाई मत्स्योदरी देवीला नवस बोलली: बाळ सुखरूप होईस्तोवर तोंडातून वाईट शब्द काढणार नाही. आठवड्यात तिचा हंडा रांगेच्या शेवटी गेला. शेजारीण गोजरबाई तिला ढकलून पुढं जाई आणि वर विचारी, "काय वं चतुराबाई, दातखीळ बसली का?"

टँकरच्या तळाचं गढूळ पाणी घरी आणून चतुराबाई रडकुंडीला आली. "हे पोटुशीला कसं पाजू?"

शिवकन्या बारावी शिकलेली. ती म्हणाली, "आत्याबाई, इंग्रजीत बोला. देवीला कुठं येतंय इंग्रजी?"

सासूनं चुलीपाशी धडा घेतला. हार्म म्हणजे वाईट करणं. इंज्युअर म्हणजे इजा करणं. क्रिपल म्हणजे पांगळं करणं. हा शेवटचा तिला फार आवडला. "तोंड कसं भरून येतं बघ!"

दुसऱ्या दिवशी टँकर थांबताच ती हात ओवाळत गरजली, "गोजरे! हार्म! इंज्युअर! क्रिपल!"

बायकांनी आपापले हंडे मागं ओढले. कुणालाच अर्थ ठाऊक नव्हता. असा शाप परतवायचा कसा? गोजरबाई बिचकून मागं सरली, चिखलात घसरली आणि पाय धरून खालीच बसली.

चतुराबाई ओरडली, "अगं बया, कळलं की देवीला!" हंडा टाकून ती धावली. "वापस घेतलं, गोजरे! बिलकुल वापस घेतलं! ऊठ माझी माय."

"काय वापस घेतलं?" गोजरबाई कण्हली. "काय केलंस मला?"

अर्थ सांगावा तर नवस मोडणार. चतुराबाईनं तिला जीपमध्ये घालून अंबडला नेलं. डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला आणि म्हणाले, "मुरगळलाय. आठ दिवसांत चालतील."

चतुराबाईनं डोळे मिटून हात जोडले. घरी येऊन शिवकन्येच्या कानात म्हणाली, "देवीला अर्धवटच येतं इंग्रजी. पर आता एक शब्द नको बाई."

प्रायश्चित्त म्हणून तिनं गोजरबाईचंही पाणी भरायचं ठरवलं. पण तोंड बंद, मग रांगेत पुन्हा शेवटी. ते गोजरबाईला अंगणातल्या बाजेवरून दिसलं. आपलाही हंडा गढूळ येणार हे तिच्या लक्षात आलं आणि ती कडाडली, "ए कांताबाई! सरक मागं! चतुराबाईला भरू दे! न्हाईतर तुझ्या म्हशीला... म्हशीला... लागन काहीतरी!"

बायका हसल्या, पण सरल्या. दोन्ही हंडे नितळ पाण्यानं भरले. चतुराबाई ओठ घट्ट मिटून बाजेपाशी आली, एक हंडा ठेवला आणि न राहवून पुटपुटली, "म्हशीपासून सुरू नाही करायचं गं. आधी छप्पर घ्यायचं."

"मंग सांग ना पुढचं!"

"बाळ होऊ दे," चतुराबाई म्हणाली आणि सुनेचं पाणी घेऊन घराकडे वळली.