गेटसमोरची घागर

आमचं गेट त्या सकाळी बंद व्हायला तयार नव्हतं. रिमोटचं बटण दाबलं की खांबावरचा पिवळा दिवा लुकलुकायचा, गेट हातभर पुढं यायचं आणि काहीतरी विसरून आल्यासारखं परत मागं जायचं. आधी ह्यांनी दाबून पाहिलं, मग मी. ह्यांच्या अंगठ्यात आता जोर राहिला नाही, असं मी म्हणाले, तर ते रागावले. उभा जन्म ह्यांनी सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मोटारी दुरुस्त करण्यात घालवलेला. घरच्या मोटारीनं आपलं ऐकू नये, हे त्यांना लागलं होतं.

गेट आमच्या पुण्यातल्या मुलानं बसवून दिलेलं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जुनं जड फाटक रात्री ओढणं त्यांना जमेना. ते फाटक दिवसभर उघडंच असायचं, गल्लीतली कुत्रीसुद्धा आमच्या अंगणातून जा-ये करायची. नवं गेट आलं तेव्हा मुलानं बजावलं, तुम्ही दोघंच असता, दिवसाही बंद ठेवत चला. रिमोट आला, बेल आली, खांबांना डोळ्यांसारखी दोन काळी भिंगं आली. आम्हीही सांगितल्यासारखे वागलो.

गेट आलं आणि शेजारणीचं येणं थांबलं. आमच्या बोअरला पाणी टिकून असतं, म्हणून उन्हाळ्यात ती आमच्याकडूनच पाणी न्यायची. रस्त्यावरूनच "वहिनी" म्हणून हाक मारायची, नळाखाली घागर लावायची आणि ती भरेतो ओट्यावर बसून जगाची उणीदुणी काढायची. त्यात मीही काही मागं नसायचे. तिला येऊ नको असं मी कधी म्हटलं नाही. पण ये असंही म्हटलं नाही. त्या वर्षी पाऊसच नव्हता, ऊस नव्हता, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि आमचा बोअरही मधूनमधून नुसती हवा ओकायला लागला होता. ती येईनाशी झाली तेव्हा, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं. जे मला तोंडानं म्हणवलं नसतं ते गेटनं परस्पर केलं होतं.

त्यातच तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा गाय घेऊन सोसायटीनं उघडलेल्या चारा छावणीत मुक्कामाला. घरात ती, बाळंतीण आणि पंधरवड्याचं लेकरू. बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं हे मला कुणी सांगायला नको होतं, दोन बाळंतपणं माझीही झालीत. लेकराचं अंग धुवायचं, दुपटी पिळायची, आईला शेकायचं. हे सगळं ती टँकरच्या पाण्यावर कसं भागवत असेल असं रोज मनात यायचं. जाऊन विचारून यावं असं रोज ठरवायचे आणि रोज उद्यावर ढकलायचे.

तर त्या सकाळी ह्यांनी दुरुस्ती काढली. आधी रिमोटचे सेल बदलले. मग रुळात माती साचली असेल म्हणून मी खराट्यानं रूळ झाडला. दुष्काळात धुळीला काय तोटा, सूपभर निघाली. तरी गेटचं ये रे माझ्या मागल्या. मग ह्यांनी मोटारीचं झाकण उघडलं, व्होल्टेज कमी आहे असं जाहीर केलं, आणि थोड्या वेळानं पुरेसं आहे असंही जाहीर केलं. शेवटी मी बीडच्या मेकॅनिकला फोन लावला. ह्यांना तो अपमान वाटला. ते पाठ करून उभे राहिले, पण कान इकडंच होते. मेकॅनिक म्हणाला, खांबावरचे डोळे एकमेकांना दिसले पाहिजेत, नाहीतर मध्ये कुणी आहे असं समजून गेट मागं जातं. पुसून घ्या.

मी पदरानं आतून जवळचा डोळा पुसला, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. मग पलीकडचा डोळा पुसायला बाहेर गेले आणि बघते तर त्याच्या तोंडाशी एक पितळी घागर. घरभर शोध चाललेला आणि खोट दारात बसलेली. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

टँकर आमच्या गेटपाशीच उभा राहायचा, कारण गल्ली तिथंच रुंद आहे. त्या घागरीमागं हंडे, कळशा, रंगाचे डबे, सगळे एकाला एक चिकटून कोपऱ्यापर्यंत लागलेले. मी ते बघितलं होतं, रोजच बघत होते. ती पहिली घागर मी उचलली, खांबापासून बाजूला, बाहेरच आमच्या भिंतीशी ठेवली आणि आत आले. चार हात अंतर. ह्यांनी आतून बटण दाबलं. गेट सुरळीत सरकत आलं आणि लागलं. ह्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः चहा टाकला.

घागर म्हणजे माणूस, हे त्या रांगेतल्या कुणालाही कळलं असतं. माणसं घरी जातात, कामं उरकतात, त्यांच्या जागी घागर उभी असते आणि तिला कुणी हात लावत नाही. रांगेतून भांडं हललं की नंबर गेला. लहानपणी आडावर मीसुद्धा असेच नंबर लावलेत. पण दारात नळ असला की हे सगळं विसरायला होतं. माझ्या डोळ्यांना ती एक घागर दिसली, गेटच्या वाटेत आलेली.

टँकर आला तेव्हा आमचा चहा चालला होता. पाइप टाकल्याचा आवाज आला, मग बायकांचा गलका, आणि त्यात शेजारणीचा आवाज. ती सांगत होती की माझा पहिला नंबर होता, उजाडायच्या आत लावलेला. बाकीच्या म्हणत होत्या, भांडं रांगेत कुठं होतं, आता शेवटी जाऊन लाव. कुणी तिच्यावर उगीच कातावलेलं नव्हतं. नियम तिलाही ठाऊक होता. असा गलका रोजचाच, म्हणून मी चहा संपवून भांडी घासायला बसले, आणि बऱ्याच वेळानं, कप पालथे घालताना, मला घागर आठवली.

रिमोट घेऊन मी धावले, बटण दाबलं. गेट आपल्या चालीनं सरकायला लागलं. त्याला कसली घाई. फटीतून मला रस्त्यावर सांडलेलं पाणी दिसत होतं, घाईनं जाणाऱ्या बायका दिसत होत्या. माणूस जाण्याइतकी जागा झाली तेव्हा टँकरवाला पाइप गुंडाळत होता. ती कोपऱ्यावर उभी होती, घागर रिकामी.

"घागर मी हलवली," मी तिला म्हणाले. "गेट लागत नव्हतं म्हणून."

ती म्हणाली, "लेकराला अंगूळ घालून येते म्हणलं. घागर तुमच्या दारात हाय म्हणून बिनघोर गेलते, वहिनी."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आणि एवढं होऊनही माझ्या तोंडून काय निघावं, तर मग आमच्याकडं यायचं का सोडलंस. जणू चूक तिचीच. आजही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

"तुमी कवा न्हाई म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "पर बेल दाबून पानी मागायचं म्हंजी भीक मागितल्यावानी वाटतंय."

मी तिचा हात धरून तिला आत आणलं. ह्यांना सांगितलं, मोटार सोडवायची चावी आणा, हे गेट आजपासून हातानं चालणार, दिवसा उघडं राहणार. ते गुडघा सावरत वाकले, चावी फिरवली आणि गेट भिंतीपर्यंत लोटून दिलं.

ती नळापाशी जाऊन थांबली. घागर हातातच होती.

"किती भरू?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी विचारलं नव्हतं. लागेल तेवढं ने, घरचे हंडे घेऊन ये, पुन्हा पुन्हा ये, असं मी भराभरा बोलत सुटले. ती मान हलवत होती. ओट्यावर टेकली नाही. एक घागर भरली, नळ घट्ट बंद केला, थेंब पडत नाही ना ते बघितलं. गेट उघडंच राहू दे, असं मी तिला दोनदा सांगितलं. ती हो म्हणाली, आणि बाहेर पडल्यावर एका हातानं डोक्यावरची घागर सावरत दुसऱ्या हातानं तिनं ते ओढून नीट लावून घेतलं.