अष्टमीचा समुद्र

आमच्या घरात सहल ठरवणं हा सहलीपेक्षा मोठा कार्यक्रम असतो, आणि बहुतेक वेळा तेवढाच पार पडतो. या वेळी निमित्त झालं दादाच्या मोबाइलचं. माझा हा थोरला भाऊ देवासच्या एका कारखान्यात साहेब आहे. दिवसभर माणसांना कामाला लावतो, आणि घरी आला की मोबाइल त्याला कामाला लावतो. कुठल्याशा पानावर त्याने वाचलं की वीकेंडच्या सहलीत तीन गोष्टी हव्यात: नेचर, कोस्ट आणि लोकल फूड. लगेच त्याने व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. देवासात बसून कोस्ट! इथून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण दादाला सांगणार कोण?

आईने सांगितलं नाही. उलट ती म्हणाली, "खरंच समुद्राला जाणार असाल तर मी येते."

आई जन्मभर हिंदी शाळेत भूगोल शिकवत होती. ज्वार-भाटा म्हणजे तिचा हातखंडा. टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवायचा, हातात लिंबू धरायचं, ते चंद्र म्हणून गोलाभोवती फिरवायचं आणि वर्गाला विचारायचं, "अब पानी किधर जाएगा?" देवासातल्या निम्म्या मध्यमवयीन माणसांना भरती-ओहोटी तिने शिकवली आहे. तिने स्वतः मात्र समुद्र कधी पाहिला नव्हता. आता तिला काचबिंदू झालाय. डावा डोळा जवळपास गेलाच आहे. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, आहे ते जपा. घरी आल्यावर आईने रडारड केली नाही. फक्त म्हणाली, "एकदा पाणी चढताना बघायचंय." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

ग्रुपवर पहिले काही दिवस नुसता धुरळा. मग दादाने हिशोबी माणसासारखा समुद्र कमी करायला सुरुवात केली. "धामनोदवरून महेश्वर मस्त पडेल. नर्मदा पण पाणीच आहे ना?"

"महेश्वरात नर्मदेला भरती येत नाही," आई म्हणाली. तिने एवढा हट्ट आयुष्यात धरला नसेल. शेवटी खंबातच्या आखाताचा किनारा ठरला, कारण तो त्यातल्या त्यात जवळ, आणि वाटेत बडोद्याला वहिनीची बहीण.

मग तारीख. आईने पंचांग काढलं, भिंग लावून पाहिलं आणि म्हणाली, "या शनिवारी अमावास्या आहे. शनिवारीच निघू म्हणजे रविवारी मोठी भरती गाठू. अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं."

वहिनीने चहाचा कप खाली ठेवला. "अमावास्येला प्रवास? आई, अहो, आमच्या माहेरी त्या दिवशी कुणी गाडीची किल्लीसुद्धा हातात घेत नाही!"

दादाने मान डोलावली. हा माणूस दर अमावास्येला न चुकता गाडी काढून कारखान्यात जातो. पगाराच्या वाटेत अमावास्या आडवी येत नाही, ती फक्त आईच्या वाटेत येते. आणि लक्ष्मीने अमावास्येलाच यावं म्हणून दिवाळीत दारं सताड उघडी ठेवणारी ही माणसं! लक्ष्मीने प्रवास केलेला चालतो. मी हे सगळं तोंडावर बोलले. वहिनी म्हणाली, "तुम्हाला काय, तुमच्या घरी कुणी काही मानतच नाही." सहल एक आठवडा पुढे गेली. किनाऱ्यावरचा रविवार पडला अष्टमीचा.

आईने पंचांग मिटलं. "अष्टमीला पाणी अंग चोरून येतं," एवढंच म्हणाली.

शनिवारी पहाटे निघायचं ते उन्हं वर आल्यावर निघालो. गाडीत माणसं चार आणि डबे किती, ते वहिनीलाच ठाऊक. लसणाची शेव, चिवडा, उकडून भाजलेले बाफले, लोणचं. लोकल फूड खायला निघालेलं कुटुंब! धार आलं. धारला मामेभाऊ राहतो. आमच्याकडे नातेवाइकाच्या गावातून चहा न पिता पुढे जाणं म्हणजे त्याचा अपमान. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांनंतर नव्या फरशीचं दर्शन झालं, मग फरशी बसवणाऱ्याच्या लबाड्या ऐकल्या. आई पूर्ण वेळ दाराजवळच्या खुर्चीत चपला घालून बसली होती. तिरला गावाच्या पुढे दादाने गाडी थांबवली, टेकडीकडे पाठ करून सगळ्यांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: नेचर झालं.

बडोद्याला पोचायला रात्र झाली. वहिनीच्या बहिणीने मात्र छान उंधियू केलं होतं. वहिनीने त्यावर आपली शेव भुरभुरली आणि म्हणाली, "आता जरा चव आली."

रविवारी सकाळी किनाऱ्यावर पोचलो. गाडी थांबली, सगळे उतरले. समोर चिखल. दगडी पायऱ्या उतरत खाली जातात, आणि त्यांच्या पुढे नजर जाईल तिथवर करडा, ओला चिखल. त्यात तीन-चार होड्या कुशीवर पडलेल्या.

दादा टपरीवाल्याकडे गेला. "भिया, समंदर किधर है?"

"यही तो है."

वहिनीने पदर नाकाला लावला. "याच्यासाठी एवढं आलो? बंद-बिंद असतो की काय समुद्र?"

"ओहोटी आहे," आई म्हणाली. "दोन-अडीच तासांत पाणी येईल. थांबू."

"अडीच तास काय करायचं इथे?" दादाने घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी दाहोदच्या पुढे असायला हवं. चल आई, समुद्र झाला, आता नाश्ता करू. पुढच्या गावात पोहे-जलेबी मिळते म्हणे."

समुद्र झाला! मला त्याला त्या चिखलात ढकलून द्यावंसं वाटलं. आई वरच्या पायरीवर पदर सावरून बसली आणि हातातली काठी आडवी मांडीवर ठेवली. वर्गात पोरं गोंगाट करायला लागली की ती अशीच बसायची. मीही तिच्या शेजारी बसले. दादा वहिनीला घेऊन पोहे शोधायला गेला.

"होड्या तिरक्याच आहेत ना अजून?" आईने विचारलं.

"हो."

बराच वेळ काही झालं नाही. मग चिखलातल्या चरांमध्ये काहीतरी चमकायला लागलं. आवाज नाही, लाटा नाहीत. चर भरले, चर एकमेकांना मिळाले, चिखलाची बेटं झाली आणि बेटं बुडाली.

"होड्या?"

"एक हलली. आई, एक सरळ झाली!"

"मला दिसतंय," आई म्हणाली. तिने मान थोडी डावीकडे वळवली होती, उजवा डोळा पुढे करून. "सांगू नकोस आता. दिसतंय मला."

पाणी खालच्या पायऱ्या चढत आलं, मातकट, शांत, आणि आपलंच घर असल्यासारखं थांबलं. मी आईचा हात धरून तिला खाली नेलं. तिने पाय बुडवले. मग बाजूच्या भिंतीवर हात टेकवला. तिच्या डोक्याच्याही वर भिंतीवर काळपट रेघ होती, खाली सगळं शेवाळलेलं, वर कोरडा दगड.

"ते बघ," ती म्हणाली. "अमावास्येला तिथपर्यंत येतं." तिने काठी उंच करून ती रेघ गाठायचा प्रयत्न केला. काठी पोचली नाही. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. वहिनीच्या माहेरचा, दादाच्या घड्याळाचा, त्या फरशीचा.

दादा-वहिनी परत आले तेव्हा दोघांच्या हातात जलेबीचे पुडे होते आणि तोंडात तक्रार, की पोह्यात शेव अशी नव्हतीच, अपने इंदौर जैसी बात नहीं. मग दादाला पाणी दिसलं.

"अरे! हे कधी आलं?" त्याने लगेच मोबाइल काढला, आईला मध्ये उभं केलं, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि हसून म्हणाला, "बघ आई, दाखवला की नाही समुद्र?"

आईने पायांचा चिखल पायरीवर पुसला.

"दाखवलास," ती म्हणाली. "अष्टमीचा."

दादा फोटो बघण्यात गुंतला होता.