राखेने घासलेले व्हॉल्व्ह

घोडपदेवच्या चाळीतली ती घटना इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. खून नाही, दरोडा नाही. एका विधवा बाईकडची व्हॉल्व्हची पेटी, एवढाच मामला. पण नोकरीत मला जे काही शहाणपण आलं, त्यातलं बरंचसं त्या पेटीने दिलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्या पोलीस ठाण्यातली निम्मी माणसं सभा-मोर्चांच्या बंदोबस्ताला आणि उरलेल्यांच्या डोक्यावर कामाचा ढीग. त्यात शिवडीच्या एका गोदामातून परदेशाहून नुकताच उतरलेला व्हॉल्व्हचा माल चोरीला गेला. व्हॉल्व्ह म्हणजे रेडिओत आणि लाउडस्पीकरच्या यंत्रात पेटणाऱ्या काचेच्या नळ्या. त्यांच्यावाचून तेव्हा आवाजच निघत नसे. आम्ही रेडिओच्या दुकानांना सूचना देऊन ठेवली.

गिरगावातल्या एका दुकानदाराने खबर दिली. "साहेब, एक बाई व्हॉल्व्ह विकायला आली होती. काचेवरचे नंबर साफ पुसलेत. मी उद्या या म्हणून सांगितलंय." नंबर पुसलेला माल म्हणजे चोरीचा, हे आमच्या खात्यात कालचा शिपाईही सांगेल.

दुसऱ्या दिवशी बाईला दुकानात गाठलं आणि तिच्या खोलीची झडती घेतली. गॅलरीत अख्खी चाळ जमली होती. त्यातलेच दोन पंच घेतले, पंचनामा केला, पेटीला सील लावलं आणि बाईला जबाबासाठी ठाण्यावर आणलं. सोबत शेजारची म्हातारी आली. ती वाटभर आम्हाला शिव्या देत होती.

बाई मालवणकडची. नवरा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. आदल्या वर्षी आजारपणात गेला. "लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतल्यानी हे," ती म्हणाली.

"मग नंबर का पुसलेत?"

"मुद्दाम कित्याक पुसू? राखेन घासलंय मियां. वर्साची धूळ होती. मळकी वस्तू बाजारात कशी नेऊ, सायब?"

खोटं बोलणाऱ्याला तोच प्रश्न फिरवून विचारला की तो गोष्ट सजवू लागतो. ही बाई दर वेळी तेच आणि तेवढंच सांगत होती, वर माझ्यावरच चिडत होती. पितळेचा तांब्या घासावा तसे तिने व्हॉल्व्ह घासले होते. माझा तिच्यावर विश्वास बसला. पण विश्वास काही कोर्टात दाखल करता येत नाही.

दुसऱ्यांदा जबाबाला बोलावलं तेव्हा तिची खरी धास्ती कळली. व्हॉल्व्ह विकून ती मोठी भांडी घेणार होती आणि गिरणी कामगारांसाठी खानावळ घालणार होती. "जेवूक येणार होते ते नको म्हणान सांगान गेले. चोराच्या घरचो घास कोण खाता?" तिने पदर डोळ्याला लावला. "माझ्या घोवान कधी कोणाच्या वस्तूक हात लावूक नाय, सायब. त्येंका चोर म्हणू नकात."

वरिष्ठ म्हणत होते, गुन्हा दाखल कर आणि मोकळा हो. मी पेटी उचलली आणि आमच्या बिनतारी विभागातल्या एका अधिकाऱ्याकडे गेलो. यंत्रांचा मोठा दर्दी माणूस. त्याने एक व्हॉल्व्ह उजेडात धरून माथ्यावरचा चंदेरी डाग दाखवला. "हा पांढरा पडला की आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. हे जिवंत आहेत." मग चष्मा पुसताना टाकतो तशी त्याने काचेवर तोंडाची वाफ टाकली. पुसलेल्या जागी फिकट आकडे उमटले आणि शेजारी लष्करी मालावर असतो तो बाण.

"शाई गेली तरी तिची खूण काचेवर राहते," तो म्हणाला. "तुमचा चोरीचा माल नवा, रेडिओचा. हे लढाईतले, आणि बहुतेक लाउडस्पीकरच्या यंत्राचे. आवाज काय भरदार देतात! हल्ली शोधून मिळत नाहीत. बाईला सांग, भंगाराच्या भावात देऊ नका." त्याने एकेक तपासून मेलेले बाजूला काढले आणि सारख्या ताकदीच्या जोड्या लावून दिल्या. जोडीला भाव जास्त येतो, हे मला तेव्हा कळलं.

म्हणजे आम्ही चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो. मी बाईला ठाण्यावर बोलावलं आणि पेटी घेऊन जा म्हटलं. ती पेटीला हात लावेना.

"सायब, नेताना अख्ख्या चाळीच्या डोळ्यांदेखत नेल्यात. आता देताना पण थंयच द्या."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. टोपी चढवली, पेटी घेतली आणि चाळ गाठली. तेच दोन पंच बोलावले. गॅलरीत उभं राहून मोठ्याने सांगितलं, की हा माल बाईंच्या यजमानांचा, लिलावात घेतलेला. चोरीशी त्याचा काही संबंध नाही. बाई दारात उभी होती. खानावळीला नको म्हणून गेलेला एक म्हातारा कामगार पुढे आला.

"वयनी, सोमवारपासून माझा ताट मांडशील मां?"

"हात धुवन येवा म्हणजे झाला," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली.

खरे चोर पुढे शिवडीतच सापडले. पण त्यांच्यापेक्षा ही बाई मला जास्त शिकवून गेली. माल जप्त करताना कायदा पंच मागतो; परत करताना कोणी विचारत नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, ज्याच्या घरून संशयाने काही उचललं आणि तो निर्दोष निघाला, त्याच्या दारात मी युनिफॉर्म घालून परत गेलो. सहकारी हसायचे. हसू देत. माणसाची अब्रू आपण चारचौघांत घेतो. ती ठाण्याच्या टेबलावरून गुपचूप परत देता येत नाही.