साखरपुड्याला आलेलं वऱ्हाड

केदारखेड्यात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट कुणीही लावो, क्रॉसिंगला बाया हव्या म्हटलं की निरोप चतुराबाईलाच जायचा. दुपारी कोवळी कळी नखानं सोलायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं, असं ते नाजूक काम. कळीला जरा धक्का लागला तरी बोंड गळतं. चतुराबाईच्या हातचं सहसा गळायचं नाही. नवरा कचरू भोकरदनच्या मोंढ्यात हमाली करायचा. माणूस सरळ, पण चार जणांत बसला की चार जणांचं मत तेच त्याचं मत. त्यामुळं घरात पुढचा विचार करायचं काम आपोआपच तिच्याकडं आलेलं.

१९९४ साली थोरली लेक बेबीनंदा हिचं दुसऱ्यांदा जमलं. दुसऱ्यांदा म्हणजे, दोन वर्षांआधी एक सोयरीक सुपारी फुटल्यावर मोडली होती. पाहुण्यांनी आधी घड्याळ मागितलं, मग मोटारसायकल, आणि जमत नाही म्हटल्यावर त्यांच्याकडून निरोप येणंच बंद झालं. आताचा मुलगा संपत. जालन्याला मस्तगडात भांड्यांच्या दुकानात कामाला, बाप साहेबराव गावाकडं शेती पाहणारा. फाल्गुनात साखरपुडा आणि वैशाखात लग्न, असं ठरलं.

ते लग्न चतुराबाईनं मनात कधीच लावून टाकलं होतं. थोडक्यात करायचं, पण उणं दिसू द्यायचं नाही. मांडव शाळेच्या पटांगणात, कारण तिथं दोन मोठे लिंब आहेत आणि सावलीमुळं निम्मं कापड वाचतं. बुंदी आचाऱ्याकडून नाही, प्लॉटवरच्या मालनबाईचा झाऱ्यावर हात बसलेला होता. पत्रावळी बायांनी मिळून लावायच्या. आहेराची लुगडी दर दिवाळीला एक-दोन करत पत्र्याच्या पेटीत जमलेली. हळद दळायला जात्यावर कुणाकुणाला बसवायचं आणि पहिलं गाणं कुणी धरायचं, इथवर तिनं ठरवून ठेवलं होतं.

साखरपुड्याला पंचवीस माणसं येणार होती. दुपारी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला, त्याच्यामागं जीप, आणि उतरली साठाच्या वर माणसं. त्यांच्यात भटजीही होते. साखरपुड्याला भटजी कशाला, असं चतुराबाईच्या मनात आलं, पण माणसं वाढली म्हणजे कणिक वाढवायची होती. ती परत चुलीपाशी गेली.

टिळा झाला, साखर वाटली, पंगत उठली. बाप्ये दारातल्या लिंबाखाली बोलत बसले. बऱ्याच वेळानं तिचा भाऊ मच्छिंद्र स्वयंपाकघराच्या दारात आला. चौकट धरून उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"अक्का, आजच लगीन लावून टाकायचं ठरलं. गोरज मुहूर्त हाय."

तो चेष्टा करतोय, असंच तिला वाटलं. तिनं पोळी उलटली.

"कुणी ठरवलं?"

"समद्यांनी. दाजी बी हो म्हणले."

पोळी तव्यावरच करपली. वास सुटला तरी तिनं ती काढली नाही. शेजारणीनं येऊन तवा उतरवला. चतुराबाईला बाहेरचं हसणं ऐकू येत होतं, कुणी तरी दोन्हीकडचा खर्च वाचला म्हणून कचरूची पाठ थोपटत होतं. पण ते सगळं दुसऱ्या कुणाच्या घरी चाललंय, असं तिला वाटत राहिलं. कचरू आत आला, तिच्याकडं न बघता माठातलं पाणी प्याला. सगळेच म्हणाले, मी एकटा काय बोलू, एवढंच म्हणाला.

मग ती उठली. हाताची कणिक तशीच, पदर डोक्यावर ओढला आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली. बाप्यांच्या बैठकीत ती आजवर बोललेली नव्हती. साहेबरावांनी चांगल्या शब्दांत समजावलं. आम्हाला हुंडा नको, मानपान नको, तुमच्यावर बोजा नको, उगाच दोन महिने कशाला लांबवायचे. त्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. ती एवढंच म्हणाली:

"हळद लागल्याबिगर माझी पोरगी पाटावर बसणार न्हाई."

भटजींनी उन्हाकडं पाहिलं.

"बराबर हाय," साहेबराव म्हणाले. "लावा हळद. आम्ही थांबतो."

जात्यावर दळायला वेळ कुठला. दुकानातून हळदीची पुडी आणली, तेलात कालवली. गल्लीतल्या पाच-सात बाया धावत आल्या, एकीनं गाणं धरलं आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. चतुराबाईनं लेकीच्या गालाला हळद लावली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. बेबीनंदा शांत होती. ना घाबरलेली, ना रडलेली. त्या शांतपणानं चतुराबाईला जो धक्का बसला, तो मच्छिंद्रच्या बोलण्यानंही बसला नव्हता.

साखरपुड्याच्या साडीवरच लग्न लागलं. दिवेलागणीला लेकीला घेऊन जीप गेलीसुद्धा.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. न बोलावलेली माणसं नाराज होती. लेकीचं लगीन चोरून लावलं का, असं एकीनं तोंडावर विचारलं. उत्तर देता देता, पोरगी सासरी गेली, हे आपल्याच तोंडून ऐकून ती दचकायची. पेटी उघडून लुगडी पाहायची आणि तशीच झाकायची.

पाचव्या दिवशी बेबीनंदा माहेरी आली. मायलेकी ओसरीवर बसल्या होत्या.

"माय, मामाला मीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "त्यांच्या घरी जाऊन बोल म्हणलं, साखरपुड्यातच लगीन लावा."

चतुराबाई पाहतच राहिली.

"मांगच्या टायमाला सुपारी फुटली आन् मंग एकेक मागणी आली. सोयरीक मोडल्यावर तू दोन महिने कुणाशी बोलली न्हाईस. मला त्ये परत पाहायचं नव्हतं."

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"तू हो म्हणली नसतीस."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच फार लागलं. जिला आपण पदराखाली धरून आहोत असं ती समजत होती, ती लेक आपल्याला सांभाळत होती, तेही आपल्याला कळू न देता. चतुराबाईला राग आला, रडूही आलं, आणि यातलं आधी काय करावं ते कळेना. ती उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली. परत आली तेव्हा तिनं एकच सांगितलं, की वैशाखातली तारीख ती सोडणार नाही. गावाला जेवण होईल. तुम्ही दोघं पाहुण्यासारखे या.

आणि तसं झालं. शाळेच्या पटांगणात पंगती बसल्या, मालनबाईनं बुंदी पाडली, संपत स्वतः हातात बादली घेऊन वरण वाढत फिरला. साहेबराव घरची चारच माणसं घेऊन आले. वस्तीवरच्या म्हाताऱ्या पुंजारामांना लग्न होऊन गेल्याचं कळलंच नव्हतं. ते नवरा-नवरी कुठंयत म्हणून विचारत फिरत होते. वाढणाऱ्या पोराकडं बोट दाखवलं तरी त्यांचा विश्वास बसेना. सगळे हसले. चतुराबाईही हसली, पण त्यांची गत तिला बाकीच्यांपेक्षा जास्त कळत होती.

मच्छिंद्रला माफ करायला मात्र तिला वेळ लागला. लेक लहान होती, हा तर जाणता होता. राखीला तो आला, तिनं पाट मांडला, राखी बांधली, पेढा भरवला. बोलली नाही. तो शेवटच्या एसटीपर्यंत ओसरीवर बसून राहिला.