कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

जुन्या ट्रकच्या ब्रेकवर बाबांचा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांचा पाय कायम तयार असायचा. नवा ट्रक मात्र काचेमागच्या कॅमेऱ्याला समोर काही दिसलं की आपोआप थांबायचा. वर्षभरात तोच पाय आळशी झाला. मी खेकसायचो. ते हसायचे, "गाडी पाह्यते ना, तू कायले घाबरून राह्यला?"

दसऱ्याच्या पूजेत त्यांनी कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर ठसठशीत कुंकू लावलं. म्हणाले, "हा गाडीचा डोळा, पहिला मान याचा."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी उमरखेड रोडवर कापसाची ट्रॉली उभी होती. आंधळा ट्रक थांबलाच नाही. टायरचे काळे पट्टे ट्रॉलीच्या अगदी जवळ सुरू झालेले मी पाहिले.

घरी बायांनी आईचं कुंकू पुसलं. तडकलेल्या काचेवरचं तसंच होतं.